भिंतीपासून दोन फूट

माझ्या सासऱ्यांच्या धुळ्याच्या घरात एकही वस्तू भिंतीला टेकलेली नाही. कपाट, पलंग, गव्हाची कोठी, एवढंच काय देव्हारासुद्धा भिंतीपासून बरोबर दोन फूट पुढे. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा मला वाटलं, घराला रंग चाललाय. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "रंग कोणता देताय?"

"कसाले?" सासरे, म्हणजे नाना, अहिराणीत म्हणाले. "भिंती चांगल्या शेतस."

आत माझी होणारी बायको, मीना, तोंडावर पदर धरून हसत होती, हे मला नंतर कळलं.

नाना एका धान्याच्या गोदामात तीसेक वर्षं गोदामपाल होते. पोत्यांची थप्पी भिंतीला टेकवायची नाही, माणसाला तिच्याभोवती चक्कर मारता आली पाहिजे, हा तिथला नियम. "माल पुढून कधीच खराब होत नाही," ते सांगत. "ओल, उंदीर, वाळवी, बठ्ठं मागून येतं." नोकरी संपली, पण नियम त्यांच्यासोबत घरी आला. जेवताना ताटातली भाजीसुद्धा ते भाताला लागू देत नसत. त्यामागचं कारण विचारायचं धाडस मात्र मी कधी केलं नाही.

आमच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि मुलीचे वडील सापडेनात. शोधाशोध झाली. नाना कार्यालयाच्या कोठीघरात साखरेची पोती भिंतीपासून ओढत होते. डोळे लाल. "मिरच्या पण इथंच ठेवल्यात लोकांनी," ते म्हणाले आणि धोतराने डोळे पुसत मांडवात आले.

त्यांच्यासमोर "घराचं नुसतं गोदाम झालंय" असं म्हणायची सोय नव्हती. ते त्या माणसाला तिथेच थांबवत. "तुम्ही कधी गोदाम पाहिलंय का? तुमच्या घरापेक्षा नीट असतं." मग शिकवणी सुरू. आपलं धान्य, आपण खाणार, ते कोठार. दुसऱ्याचा माल, आपण फक्त राखायचा, ती वखार. गोदाम म्हणजे नुसती इमारत, आत काय ठेवलंय त्यावर पुढचं ठरतं. "आणि ज्याला राखणारा नाही, ती अडगळ."

मी शाळेत मराठी शिकवतो. एकदा न राहवून मी म्हटलं, "नाना, वखार लाकडाचीही असते." आणि शब्दकोश काढून दाखवला. कोशाने कोठाराला वखार म्हटलं होतं, वखारीला गोदाम आणि गोदामाला पुन्हा कोठार. नानांनी चष्मा लावून तिन्ही नोंदी वाचल्या, कोश मिटून अदबीने माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "कोश लिखणारा विद्वान माणूस शे. पण किल्ली नही सांभाळी त्यानी कधी."

मीना गेली त्याला आता दीड वर्ष होईल. दुखणं थोड्या दिवसांचं होतं. दिवस झाले, माणसं परत गेली आणि मी तिच्या वस्तू एकेक करून मागच्या खोलीत नेऊन टाकल्या. साड्यांची ट्रंक, शिलाई मशीन, तिची पुस्तकं, स्कूटीवर घालायचं हेल्मेट. मग दार ओढून घेतलं. वर्षभर त्या खोलीत गेलो नाही.

वर्षश्राद्धाला माझी वहिनी आली होती. तिने ते दार उघडून पाहिलं. "भाऊजी, खोलीचं गोदाम केलंय तुम्ही. देऊन टाका सगळं. धुळ्याला फोन करा, नानांना काय न्यायचं ते नेऊ दे. मूलबाळ नाही, त्यांची मुलगीही गेली. आता ते नातं तरी कशावर टिकणार?"

ती वाईट बाई नाही. ती खरं तेच बोलत होती, म्हणून मला झोंबलं.

मी फोन केला. खोलीचं सांगितलं, वहिनीचं सांगितलं नाही. नानांची पत्नी आधीच गेलेली, घरात एकटेच ते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"भिंतीला टेकलंय का?"

"हो."

"येतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने नाना जळगावला आले, बगलेत सुतळीने बांधलेल्या चार फळ्या. कंडक्टर पारोळ्यापर्यंत त्यांच्याशी भांडला होता. चहा न घेता ते खोलीत शिरले. मी दारात उभा होतो. यातलं ते काय नेतील, आणि नेऊ लागले तर मला बघवेल का, एवढंच माझ्या मनात होतं.

त्यांनी काहीच नेलं नाही. फळ्या मांडल्या, त्यावर ट्रंक, मशीन, पुस्तकं रचली, सगळं भिंतीपासून दोन फूट. साड्यांच्या घड्यांत कडुलिंबाचा पाला घातला. हेल्मेट धोतराच्या सोग्याने पुसून सगळ्यात वर ठेवलं. गोदामात प्रत्येक थप्पीला असतो तसा एक पुठ्ठा लिहून टांगला. माल अमुक अमुक. मालक, सौ. मीना.

"नाना, मालक आता मला लिहायला हवं ना?"

"मग ते कोठार झालं, जावईबापू." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "हाई वखार शे."

मग खिशातून दोन कुलपं काढली. गोदामाला दोन कुलपं असतात म्हणाले, किल्ल्या दोन माणसांकडे, दोघं हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. एक किल्ली मला दिली, दुसरी घेऊन ते धुळ्याला गेले.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते जळगावला येतात. पाहणी म्हणतात त्याला. दोन कुलपं उघडतात, आम्ही थप्पीभोवती एक चक्कर मारतो. मग मी करतो ते भरीत ते खातात आणि मीना कसं करायची ते सांगतात. दुपारच्या बसने परत.

गेल्या खेपेला दारापाशी आल्यावर नानांनी सदऱ्याचे खिसे चाचपले. आतला, बाहेरचा, पुन्हा आतला.

"किल्ली धुळ्याला राहिली," ते म्हणाले.

तीस वर्षं किल्ली सांभाळलेला माणूस. मला वाईट वाटलं, वय झालं म्हणून. बंद दाराबाहेरच खुर्च्या टाकून आम्ही चहा घेतला. पाहणी राहिली म्हणून त्यांची चुळबुळ चालली होती.

"पुढच्या रविवारी परत यावं लागेल मग," ते कपातच बघत म्हणाले. "काय करता."

निघताना ते चपला घालायला वाकले. सदऱ्याच्या गळ्यातून काळ्या दोऱ्यात ओवलेली किल्ली बाहेर आली आणि क्षणभर हेलकावत राहिली. उभं राहता राहता त्यांनी ती आत सारली.

मी त्यांची पिशवी उचलली. "पुढच्या रविवारी या," मी म्हटलं. "आणि किल्ली नाही सापडली तरी या."