जिनगोंडा अण्णांची पुंगळी

जिनगोंडा पाटील मोटरसायकल सुरू करण्याआधी तिच्यामागं गुडघे टेकून बसतात आणि सायलेन्सरच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकून आत मुंगी-किडा काही नाही ना, ते बघतात. खात्री पटली की उठतात, पँट झटकतात, हात जोडतात आणि किक मारतात. त्यानंतर आमच्या गल्लीतली भांडी मांडणीवर थरथरतात. मुंगीला धक्का लागू नये म्हणून एवढं जपणारा माणूस आमच्या कानांचा विचार का करत नाही, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं. शेवटी मी स्वतःची समजूत घातली, की जीव वाचवून घ्यायला आम्ही आकारानं जरा मोठे पडतो.

मी सांगलीतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. दिवसभर लोकांना गप्प बसवायचं आणि संध्याकाळी अण्णांच्या शेजारी राहायला यायचं, असा माझा दिनक्रम. अण्णांचं खतांचं दुकान आहे. माणूस सरळ. कांदा-बटाटा नाही, सूर्य मावळायच्या आत जेवण, कुणाशी वरच्या पट्टीत बोलणं नाही. स्वतःचा आवाज इतका बारीक, की दुकानात गिऱ्हाइकाला काउंटरवर वाकून ऐकावं लागतं. नाद एकच, गाडीच्या सायलेन्सरचा. ते त्याला पुंगळी म्हणतात.

पुंगळी बदलायची म्हणजे अण्णा काय काय करतात, ते मी शेजारधर्म म्हणून पाहत आलोय. आतली जाळी काढून बघतात. परत बसवतात. भोक मोठं करतात, मग पत्र्याचं ठिगळ लावून लहान करतात. फलटणला कुणी एक वेल्डिंगवाला पुंगळ्या चांगल्या वळवतो असं कळलं, तर दुकान बंद ठेवून फलटण. औंधला एका लग्नाला गेले होते, तिथं वरातीतल्या एका मोटरसायकलचा आवाज आवडला म्हणून तिच्या मालकाला शोधत बसले आणि अक्षता टाकायच्या राहिल्या. घरी आल्यावर त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, नवरा-नवरी कशी होती म्हणून विचारलं, तेव्हा अण्णांनी गाडीचं वर्णन केलं.

आवाज पारखायची त्यांची भाषाही वेगळी. "आवाजाला पोट पायजे, सर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काही आवाज नुसतेच घशातून येतात, काहींना कंबर असते पण पोट नसतं. ही कसोटी ते कशालाही लावतात. आमच्या घरच्या कुकरच्या शिट्टीला पोट नाही. माझ्या खोकल्याला आहे. आमच्या प्राचार्यांचं भाषण त्यांनी एकदा ऐकलं, त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, की आतली जाळी काढायला पाहिजे.

गल्लीनं त्यांना समजावून पाहिलं. शिष्टमंडळ गेलं, अण्णांनी सगळ्यांना बसवून ताक दिलं, प्रत्येकाचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि चूक आपलीच आहे हे कबूल केलं. पुढच्या आठवड्यात पुंगळी बदलली. ती आधीच्यापेक्षा मोठ्यानं वाजत होती, पण अण्णांच्या मते तिच्यात गोडवा होता.

गल्लीला शांतता मिळाली ती एकदाच आणि ती कुंभारणीमुळं. मातीचं घर करणारी ती गांधीलमाशीसारखी माशी असते, तिनं अण्णांच्या पुंगळीच्या तोंडात घर बांधलं. सकाळी अण्णांनी बॅटरी मारली आणि ते तसेच मागं सरले. आत अंडी असणार. झालं, गाडी बंद. कुंभारणीची पिल्लं उडून जाईपर्यंत अण्णा दुकानात चालत गेले, बाहेरगावी एस.टी.नं गेले. गल्लीत लोक सकाळी उठून आधी कुंभारणीची चौकशी करत. तिथं एक सूचना अशीही आली होती, की तिच्या जातीतल्या आणखी एक-दोघींना कुठून आणता येईल का.

साताऱ्याच्या पोलिसांनी मात्र अण्णांना सोडलं नाही. चौकात अडवलं, गाडी बाजूला घ्यायला लावली, पुंगळी काढून घेतली आणि दंड केला. अशा वेळी माणूस हुज्जत घालतो किंवा कुणाला तरी फोन लावतो. अण्णांनी साहेबांचं अभिनंदन केलं. ही पुंगळी आपल्यालाही पसंत नव्हती, हिचा आवाज फुटतो, तुम्ही अडवलंत ते योग्यच केलंत, असं त्यांनी सांगितलं. पुढं जप्त केलेल्या पुंगळ्यांवर रोडरोलर फिरवणार असल्याचं कळलं, तेव्हा अण्णा इस्त्रीचा सदरा घालून मुद्दाम साताऱ्याला गेले. परत आल्यावर मी विचारलं, वाईट वाटलं का. "न्हाई," ते म्हणाले. "दोन-तीन चांगल्या हुत्या त्यात. बाकीच्या जायलाच पायजे हुत्या."

हे सगळं मी कॉलेजात रंगवून सांगायचो आणि लोक हसायचे. अण्णा दर रविवारी सकाळी गाडी घेऊन कुठं जातात, हे मात्र मला माहीत नव्हतं. कुठंतरी मोकळ्या रस्त्यावर आवाज ऐकत फिरत असतील, असं मी धरून चाललो होतो.

एका रविवारी मला मिरजेला जायचं होतं. अण्णा म्हणाले, बसा मागं, सोडतो. वाटेत त्यांनी विचारलं, घाई नसेल तर जरा पुढं माझ्या गावाकडं जाऊन येऊ का. मी हो म्हणालो. त्या आवाजात नाही म्हणालो असतो तरी ऐकू गेलं नसतं.

नदीकाठचं गाव, उसातून गेलेला रस्ता. अण्णांनी एका घरासमोरच्या अंगणात गाडी उभी केली, पण बंद केली नाही आणि कुणाला हाकही मारली नाही. सोप्यात खुर्चीवर काळा चष्मा लावलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी मान तिरकी केली.

"वाढीव जरा," ते म्हणाले.

अण्णांनी मूठ पिळली. म्हातारबोवांनी हात वर करून थांबवलं, मग हात खाली सोडला, तशी अण्णांनीही मूठ सोडली. गाडीचा आवाज धापा टाकत खाली आला.

"न्हाई रं. चढताना बरी हाय. सोडल्यावर आबाची गाडी खाकरायची. ही खाकरत न्हाई."

अण्णांनी गाडी बंद केली, सोप्यात जाऊन शेजारी बसले आणि ती कशी खाकरायची यावर दोघांचा वाद सुरू झाला. एक म्हणे दोनदा, दुसरा म्हणे एकदाच, पण लांब. मला कुणी बसही म्हणालं नाही.

माझ्यासाठी चहा घेऊन आलेल्या बाईंनी मला सगळं सांगितलं. त्या अण्णांच्या वहिनी. खुर्चीवरचे ते अण्णांचे थोरले बंधू, बाबगोंडा दादा. वडलांच्या मागं घराची वाटणी झाली. शेत वाटलं, विहिरीचं पाणी वाटलं, तांब्या-पितळेची भांडी वाटली. वडलांची, म्हणजे आबांची, मोटरसायकल तेवढी वाटता येईना. ती त्याला द्यायला हा तयार नाही आणि ह्याला द्यायला तो. शेवटी ती तिऱ्हाइताला विकून टाकली आणि त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नाही. आईच्या अंत्ययात्रेत एकानं पुढून खांदा दिला, दुसऱ्यानं मागून.

पुढं साखरेच्या आजारानं दादांची दृष्टी गेली. अण्णा भेटायला आले. दोघं कितीतरी वेळ सोप्यात बसून राहिले, पण बोलायला शब्द सापडेना. अण्णा उठले, अंगणात जाऊन त्यांनी गाडीला किक मारली. तेव्हा दादा वहिनींना म्हणाले, पण अंगणात ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, की ही काय आबाच्या गाडीसारखी वाजत नाही.

"धा-बारा वर्सांनी त्येवढंच बोलले," वहिनी म्हणाल्या. "फुडल्या रईवारी भावजी पुंगळी बदलून आले. तवापास्नं येत्यात."

निघताना दादांनी अण्णांना भोक थोडं बारीक करून बघायला सांगितलं. अण्णांनी मान डोलावली, मग दादांना दिसत नाही हे लक्षात येऊन तोंडानं व्हय म्हणाले.

परतताना गावाबाहेर रसवंतीवर आम्ही थांबलो. मी विचारलं, वडलांच्या गाडीचा आवाज कधी जुळेल असं वाटतं का.

अण्णांनी रसाचा ग्लास खाली ठेवला. "जुळला की, सर. गेल्या दिवाळीतच जुळला. फलटणची पुंगळी हुती. मूठ सोडली आन् मलाच वाटलं, आबा आला."

"आणि दादा?"

"दादानं चष्मा काढला, डोळं पुसलं. मग म्हणाला, न्हाई, अजून थोडं ऱ्हायलंय."

अण्णा पुढं म्हणाले, की ती पुंगळी त्यांनी घरी जाऊन त्याच दिवशी काढली आणि फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली.

"आवाज जुळलेला तुम्हाला कळलाय, हे दादांना ठाऊक आहे का?"

"आमी त्येवर बोललो न्हाई." त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि गाडीकडं बघत राहिले. "ही बी लय जवळ आलीया, सर. दादाला न्हाई म्हणाय जड जातंय. रहिमतपुरात एक भंगारवाला हाय, त्येच्याकडनं जरा वंगाळ पुंगळी बघून आणतो."