भाचीने चहा नको म्हटलं

सोलापुरात एक डॉक्टर शोधायचा, एवढंच काम होतं. ते माझ्याकडे आलं म्हणजे झालंच म्हणून समज, असं मी ताईला फोनवर सांगितलं, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्याची विक्री मी बावीस वर्षं बघतोय. शहरातल्या निम्म्या दवाखान्यांत डॉक्टर हात पुसतात ते आमच्या टॉवेलला. मला, या रामहरीला, बाहेर बसवेल असा डॉक्टर या गावात नाही.

ताई ओहायोत असते. तिची मुलगी ऋतुजा बावीस वर्षांची आहे आणि तिला तिकडेच डॉक्टर व्हायचंय. तिकडे म्हणे डॉक्टरांच्या दोन तऱ्हा असतात. एक आपल्या नेहमीच्या, दुसरे ऑस्टिओपॅथिक, म्हणजे नावापुढे डी. ओ. ही दोन अक्षरं लावणारे. हेही पूर्ण डॉक्टर, गोळ्या देतात, ऑपरेशन करतात, फक्त पाठ, मान, सांधे हातांनी चाचपून बरे करायचं शिक्षण त्यांना जास्तीचं असतं. ऋतुजाला या दुसऱ्या कॉलेजात जायचं होतं. त्यासाठी अशा एका डॉक्टरच्या शेजारी बसून चोवीस तास त्याचं काम बघायचं, त्याच्या सहीचं पत्र आणायचं आणि काय बघितलं त्यावर निबंध लिहायचा. पोरीने तिकडच्या चाळीस डॉक्टरांना विचारलं. एकानेही उत्तर दिलं नाही. अर्जाची मुदत संपायला बारा दिवस राहिले तेव्हा ताई फोनवर रडायला लागली. "पोरीचं वर्ष जातंय रे."

"ती नात्यातल्या लग्नाला इकडं येतीय ना? मग माझ्यावर सोड," मी म्हणालो. "आपल्याकडं एकाचा खोकला तपासायचा असला तरी केबिनमध्ये आठ माणसं उभी असतात. त्यात ही नववी."

ऋतुजा आली ती पांढरा कोट, छातीवर नावाची पट्टी आणि हातात कागद लावायचा फळा घेऊनच. मराठी छान बोलते, पण एकेक शब्द जागच्या जागी ठेवून बोलते. तिच्यासमोर आमच्या घरातसुद्धा सगळे सावरून बसायला लागले.

पहिल्या दिवशी तिला हाडांच्या एका मोठ्या सर्जनकडे नेलं. ते म्हणाले, माझं शास्त्र वेगळं, हिला पाहिजे ते वेगळं. मी म्हणालो, साहेब, हाड दोन्हीकडं एकच की. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"अहो, आधी नीट चौकशी तरी करा," आमच्या सौभाग्यवती जगदेवी म्हणाल्या. "लेकराचे दिवस चाललेत."

चौकशी कसली करायची? हाताने बरं करणारा माणूस पाहिजे होता, आणि तो मला आठवला. कारखान्याच्या मागच्या रस्त्यावर डॉक्टर सिद्धनाथचा दवाखाना आहे. लूमवर खांदा धरलेल्या बायका, कंबर गेलेले हमाल, सगळे त्याच्याकडे जातात. दाबतो, चोळतो आणि कामावर पाठवतो. त्याच्या बोर्डावर नावापेक्षा नावापुढची अक्षरंच जास्त आहेत. त्यात ऋतुजाला पाहिजे ती दोन अक्षरं नसतील कशावरून?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथे पोचलो, आणि नेमका मोहोळच्या एका दुकानदाराचा फोन आला. म्हणून मी रस्त्यावर थांबलो आणि ऋतुजा पुढे गेली. फक्त पाच मिनिटं मी तिथे नव्हतो. त्या पाच मिनिटांत तिने जे केलं ते अमेरिकेत वाढलेलं माणूसच करू शकतं.

ती आत गेली आणि म्हणाली, "नमस्कार. मी तुमचं काम बघायला आलेय. मी कोपऱ्यात बसते. तुम्ही तुमचं चालू ठेवा." सिद्धनाथने चहा मागवला. ती म्हणाली, "नको. कामावर असताना मी काही घेत नाही."

आता मला सांगा, सोलापुरात दुसऱ्याच्या जागेत बसून चहा नको म्हणणारा माणूस तुम्ही कधी बघितलाय? मी एकच बघितलाय. तो कारखान्यात विजेचं मीटर तपासायला आला होता.

त्यातून त्याच आठवड्यात बोगस डॉक्टर शोधायची मोहीम निघाल्याचं पेपरात येत होतं. सिद्धनाथने घाईघाईने टॉवेल, टोपी आणि नारळ मागवून मॅडमचा सत्कार करायला घेतला. मॅडम म्हणाल्या, "हे नियमात बसत नाही." आणि फळा पुढे करून विचारलं, "तुमची पदवी आणि नोंदणी क्रमांक सांगता का?"

मी आत आलो तेव्हा तो आमच्याच कारखान्याच्या टॉवेलने कपाळ पुसत होता.

"रामहरीभाऊ," त्याने मला पडद्यामागे ओढलं, "मॅडम कुठल्या खात्याच्या?"

"कसलं खातं? माझी भाची आहे ती."

"सख्खी?"

"सख्ख्या बहिणीची."

तो स्टुलावर बसला. "घरात एवढी मोठी ऑफिसर, आणि इतक्या वर्षांत तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?"

"अहो, तिला फक्त तुमची डिग्री लिहून पाहिजे आणि खाली सही. बाकी तुम्हाला काही त्रास नाही."

यापेक्षा सरळ कसं सांगायचं असतं, ते तुम्हीच सांगा मला. पण सिद्धनाथला एकदम आठवलं की अक्कलकोटजवळच्या मैंदर्गीला त्याचं कुणीतरी वारलंय. दोन मिनिटांत पेशंट रस्त्यावर आले आणि शटर खाली आलं.

बरं, म्हटलं, पुढचा दवाखाना. आम्ही स्कूटर लावेपर्यंत त्याचं शटर पडलं. त्याच्या पुढचं तर आम्ही वळणावर दिसलो तेव्हाच पडलं. मागाहून कळलं की डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप फिरला होता: पांढरी स्कूटर, कोटवाली मॅडम, सोबत मिशीवाला जाडा एजंट. जाडा! त्यातल्या कितीतरी जणांची कागदपत्रं अगदी चोख असतील. पण शेजाऱ्याचं शटर पडल्यावर आपलं उघडं ठेवायची छाती कुणाची होते? बारा वाजेपर्यंत त्या रस्त्यावर अकरा दवाखाने बंद झाले होते.

"मामा," ऋतुजा हळूच म्हणाली, "आज सुट्टी आहे का?"

तेवढ्यात पेशंटांनी आम्हाला गाठलं. सगळ्यांत पुढे होत्या मल्लव्वा, साठीच्या, लूमवर काम करणाऱ्या. एक हात दुसऱ्या हाताने धरलेला.

"तुमीच का दवाखाने बंद पाडत फिरताय?"

"बाई, मी कशाला बंद पाडू? मी तर डॉक्टर शोधतोय."

"चार दिस झालं, खांदा धरलाय माजा. हात वर जाईना. कामावर न्हाय गेलं तर चूल कशी पेटंल? आता कुटं जाऊ मी, सांगा की."

त्यांचं बरोबर होतं, पण माझंही बरोबर होतं, आणि माझं ऐकायला कुणी तयार नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, एजंटाची किल्ली काढून घ्या. माझं डोकं फिरलं. "मी एजंट नाही, हे घ्या, स्कूटरच ठेवा," म्हणत मी रागाने स्कूटर स्टँडवर ओढली, आणि कमरेत काहीतरी कट्ट झालं. मी वाकलो तो वाकलेलाच राहिलो.

"मामा, सरळ व्हा."

"होता आलं असतं तर झालो नसतो का?"

"जवळचा दवाखाना कुठला?" तिने लोकांना विचारलं.

यावर ती माणसं जी हसली, ते मी या जन्मात विसरणार नाही. मल्लव्वा तर डोळे पुसत होत्या. पण शेवटी दया त्यांनाच आली. "मैंदर्गीला चन्नम्माचा ल्योक आलाय, सोमशेखर. अमेरिकेत डॉक्टर हाय. हातानंच बगतोय म्हणं. मीच जानार व्हते, पन गाडी कोन देतंय?"

कारखान्याचा टेम्पो मागवला. मला टॉवेलच्या गठ्ठ्यांवर पालथं घातलं आणि शेजारी मल्लव्वा बसल्या. असा मी मैंदर्गीत शिरलो.

डॉक्टर सोमशेखर पन्नाशीचे, शांत गृहस्थ. आई आजारी म्हणून महिनाभर आले होते. गावातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांच्यासोबत सकाळी चार तास बसायचे. औषध ते डॉक्टर लिहायचे आणि हे हातांनी तपासायचे. ऋतुजाने आता घाबरतच पदवी विचारली. त्यांनी सांगितली. तीच, तिला पाहिजे होती ती. पोरगी तिथंच रडायला लागली.

"अगं, एवढ्यासाठी इतक्या लांब आलीस? तिकडं असतानाच मला मेल करायचा."

"केला होता, सर. माझ्या यादीत तुम्ही सतरावे होता."

डॉक्टरांनी कोपऱ्यातली खुर्ची तिच्याकडे सरकवली. मग म्हणाले, "उद्यापासून ये. रोज."

सहा दिवस, रोज चार तास. दुसऱ्या दिवशी मल्लव्वांचा हात वर गेला आणि त्या कामावर गेल्या. मी मात्र तिथेच होतो. खाटेवर पडल्या पडल्या डॉक्टरांना होईल तेवढी मदत करत होतो. शीर नेमकी कुठं धरलीय, कुठल्या बाजूनं दाबायला पाहिजे, त्यांचा अंगठा कुठं चुकतोय, हे सगळं मी वेळोवेळी सांगितलं. ऋतुजा कोपऱ्यात बसून सारखी लिहीत होती. मुदतीच्या दोन दिवस आधी पत्र आणि निबंध दोन्ही गेलं.

काही महिन्यांनी ताईचा फोन आला. आनंदाने बोलता येईना तिला. कॉलेजवाले म्हणाले, निबंध फार मनापासून लिहिलेला आहे. आमच्या मुलाने, अजिंक्यने, तो मराठीत करून सगळ्या घराला वाचून दाखवला. "माझे पहिले रुग्ण एक हट्टी वयस्कर गृहस्थ होते. आपलं निदान ते स्वतःच करत आणि डॉक्टरांना उपचार शिकवत. डॉक्टरांनी सहा दिवस त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तरीही त्यांना बरं केलं. चांगला डॉक्टर कसा असतो, ते मला तिथं कळलं."

जगदेवींनी तो भाग पुन्हा वाचायला लावला. दोनदा.

वयस्कर? मी चोपन्न वर्षांचा आहे. आणि एवढ्यावर संपलं नाही. मुलाखतीत पाच प्रोफेसरांनी तिला विचारलं म्हणे, ते गृहस्थ आता कसे आहेत? आणि ही आमची रक्ताची भाची त्यांना सांगून आली की दिलेले व्यायाम ते एक दिवससुद्धा करत नाहीत. ज्या माणसाने हिच्यासाठी कंबर मोडून घेतली त्याची ही शोभा, तीही साता समुद्रापलीकडे.

आता तुम्ही विचाराल, करता का मग व्यायाम? हे बघा, पोरीला ॲडमिशन मिळाली का ते विचारा. मिळाली.