तेहेतीस गोपद्मं आणि एक गाय

गाय घ्यायची असं वेणीमाधवपंतांनी ठरवलं, तेव्हा त्यांना गाईविषयी दोनच गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. ती दूध देते आणि तिच्यावरचा निबंध सहामाहीला हमखास येतो. (पंत शाळेत कारकून होते. निबंध तपासणं त्यांचं काम नव्हतं, पण मास्तरांनी तपासलेले निबंध पुन्हा तपासण्यात त्यांना फार गोडी होती.)

ठरवण्यामागचं कारण मात्र थट्टेचं नव्हतं. धाकटी बहीण शकुंतला बाळंतपणाला सोलापुरास आली, बाळ झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात तापाने फणफणली आणि तिचं दूध आटलं. गवळ्याचं दूध बाळाला पचेना. पोर सुकत चाललं. पहिल्यांदा ते रात्रंदिवस रडायचं, मग रडण्यातला जोरही कमी झाला आणि तेव्हापासून घरात कुणाला जेवण गोड लागेना. वैद्यांनी सांगितलं, "दारची गाय हवी. ताजं दूध, पाणी घालून उकळलेलं. उशीर करू नका."

म्हणून होटगीच्या बसलिंगप्पाची तांबू नावाची गाय ठरली. श्रावणी सोमवारी अर्धी शाळा आटोपून पंत घरी आले, तोच ती शुक्रवार पेठेत हजर झाली. पुढे बैलगाडी, गाडीत वासरू, वासराला कवटाळून बसलेली बसलिंगप्पाची म्हातारी आई अक्कम्मा आणि गाडीमागे तांबू. वासरू आत नेऊन परसात बांधलं. बसलिंगप्पा बाजार करायला गाडी घेऊन गेला आणि अक्कम्मा समोरच्या ओट्यावर तंबाखू मळत बसली. आता वासरामागे गाय आपसूक आत जाणार, यात कुणालाच शंका नव्हती.

तांबू दारापाशी आली आणि चारही पाय रोवून उभी राहिली.

दारात पंतांच्या पत्नीची, यशोदाबाईंची, रांगोळी होती. चातुर्मासात त्या रोज तेहेतीस गोपद्मं काढत, म्हणजे गाईची पावलं. एरवी ती देवघरापुढे असत. पण आज साक्षात गाय येणार, तिची पावलं तिच्याच वाटेवर नकोत का? त्यांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरीशुभ्र पावलं काढली होती आणि भोवती दुहेरी रेघा ओढल्या होत्या. अख्खी पेठ कौतुक करून गेली होती.

"अहो, ओढा ना!" यशोदाबाई आतून म्हणाल्या.

पंतांनी ओढलं. गाईच्या अगदी समोर उभं राहून, तिच्या डोळ्यांत डोळे घालून, दावं दोन्ही हातांनी वर धरून ओढलं. अंगात कोट, खांद्यावर उपरणं, उपरण्याला वारा. तांबू दोन पावलं मागे सरली आणि तिच्याबरोबर पंत दोन पावलं पुढे आले.

"पंत, तुमी नुसतं धरा. मी मागनं लोटतो," शेजारचा गुंडा पैलवान म्हणाला. त्याने शेपूट पिळून खांदा लावला. पुढच्या क्षणी तो समोरच्या ओट्यावर अक्कम्माशेजारी बसलेला होता. आपण तिथे कसे आलो हे त्याला नीटसं सांगता येईना.

"तिचा मान राहिला नसेल," यशोदाबाईंनी निदान केलं. त्यांनी तिच्या खुरांवर तांब्याभर पाणी ओतलं. फरशी लखलखली. त्यांनी हळदकुंकू आणलं. गाय बिचकली. त्यांनी पितळी ताटात निरांजन लावून ओवाळलं. तांबूने डोळे पांढरे केले आणि ती पार रस्त्याच्या मधोमध गेली. जितका मान वाढे, तितकी गाय लांब जाई.

गिरणीचा भोंगा झाला. सुटलेले कामगार कडेला थांबून बघू लागले. आतून वासरू हंबरलं. तांबूने त्याला अशी हाक दिली, की बघ्यांचंही हसू थांबलं. तिच्या सडांतून दूध आपोआप रस्त्यावर ठिबकू लागलं. आत बाळ बारीक आवाजात रडत होतं आणि दारात दूध मातीला मिळत होतं.

"दादा, काहीतरी कर रे," शकुंतला खिडकीतून म्हणाली.

तेव्हा कुठे, तब्बल दीड तासाने, पंत अक्कम्माकडे वळले. "आजी, ही अशी का करते हो?"

"आता इचारलं व्हय?" अक्कम्मा तंबाखू थुंकून उठली. "म्हनलं, शिकल्याली मानसं हायत, काय तरी ठरवूनच चाललं असंल. तिला पुडं काय दिसतंय, ते बगितलं का तुमी?"

"दार दिसतंय! दुसरं काय दिसणार?"

"ते तुमाला. तिचं डोळं कुटं, तुमचं कुटं! खाली व्हा की."

पंत उकिडवे बसले.

"आनि खाली. हात टेका."

आणि शुक्रवार पेठेत, भर रस्त्यात, कोटटोपीसकट पंत चार पायांवर आले.

गेली वीस वर्षं ते या दारातून जात-येत होते, पण हे दार त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आत काळाकुट्ट बोगदा. त्याच्या तोंडाशी ओल्या फरशीचा झगझगाट. आणि त्यावर त्या पांढऱ्या रेघा! जमिनीला भेगा पडाव्यात आणि त्यातून खालची पोकळी दिसावी, तशा त्या दिसत होत्या. वर काहीतरी पिवळं एकदम चमकलं (ते यशोदाबाईंचं ताट होतं). कानाशी एक पांढरं काहीतरी फडफडलं आणि पंत दचकून मागे सरले. ते त्यांचंच उपरणं होतं.

"गाईला आजूबाजूचं समदं दिसतं, पाठीमागचंबी," अक्कम्मा सांगत होती. "पर पायाखालचं लवकर उमगत न्हाय. मुंडी खाली घालून, हुंगून बगावं लागतं. आनि तुमी दावं वर धरून ठेवलंय. ती बगनार कशी?"

पंत तसेच जमिनीवर राहिले. त्यांनी मान वर करून तांबूकडे पाहिलं. एवढं थोरलं धूड, एवढी शिंगं, आणि पुढे जमीन आहे की खड्डा याचा तिला पत्ता नव्हता! समोरून कुणी ओढतंय, मागून कुणी शेपूट पिळतंय, अंगावर विस्तव येतोय. एका हिसक्यात ती होटगीच्या वाटेला लागली असती, कोण अडवणार होतं? पण आत वासरू होतं, म्हणून थरथरत, दूध गाळत ती उभी होती. तिला हट्टी, आडमुठी म्हणत आपण दीड तास ओरडलो, याची पंतांना मनापासून लाज वाटली. हात जोडावेसे वाटले, पण दोन्ही हात जमिनीवर टेकलेले होते.

"रांगोळी पुसावी लागंल, बाई," अक्कम्मा हळूच म्हणाली.

यशोदाबाई क्षणभर थबकल्या. व्रताची रांगोळी! मग त्यांनी ताट खाली ठेवलं, वाकून स्वतःच्या हातांनी तेहेतीसही पावलं पुसली आणि फरशीवर कोरडी माती पसरली. "जिची पावलं, तिलाच नको असतील, तर मी कोण?" त्या म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी परसाचं दार सताड उघडलं. बोगद्याच्या टोकाला उजेड आला.

अक्कम्माने दावं सैल सोडलं. ती तांबूच्या खांद्याच्या जराशी मागे उभी राहिली. ओढलं नाही, हाकललं नाही. नुसती कानडीत "बा, तायी", म्हणजे ये गं आई, म्हणाली आणि तिने स्वतः एक पाऊल पुढे टाकलं. तांबूने मान खाली घातली, माती हुंगली, एक लांब सुस्कारा सोडला आणि जन्मभर याच घरात राहत असल्यासारखी आत निघून गेली.

वासराने ढुशी दिली आणि पान्हा धो धो आला. अर्ध्या घटकेत दूध उकळून, निवून बोंडल्यातून बाळाच्या तोंडात पडलं. पोर आधी चकित झालं, मग चुरुचुरु पिऊ लागलं आणि पिता पिता झोपलं. त्या दिवसापासून ते बाळसं धरू लागलं. त्या क्षणी मात्र शकुंतला रडत होती. पंतही रडत होते, पण ते चुलीच्या धुराने असं त्यांनी जाहीर केलं.

मग पंत दाराबाहेर आले. गुंडा आणि आठदहा गिरणी कामगार अजून उभे होते आणि आता पंतांच्या इतका गाय समजलेला माणूस सोलापुरात नव्हता.

"समोरून ओढायचं नाही," पंत तांबूसारखे दाराकडे तोंड करून सांगू लागले. "आवाज चढवायचा नाही. खांद्याच्या जरा मागे उभं राहायचं आणि आपण एक पाऊल टाकायचं. जनावराला वाटतं, आपणच आपल्या मनाने निघालो! केवढी ही सृष्टीची…"

यशोदाबाई केव्हा येऊन त्यांच्या डाव्या खांद्यामागे उभ्या राहिल्या, ते त्यांना कळलं नाही. बाईंनी एक पाऊल टाकलं. बोलता बोलता पंतांनीही टाकलं. मग दुसरं. दार, माजघर, स्वयंपाकघर. "…किमया!" हा शब्द उच्चारला गेला तेव्हा पंत परसात उभे होते. समोर गोठा होता, हातात शेणाची पाटी होती आणि ऐकायला कुणीच नव्हतं.

वासराला कुरवाळत बसलेली अक्कम्मा हे सगळं डोळे बारीक करून बघत होती.

"कवापासनं हायत हे तुमच्याकडं?" तिने यशोदाबाईंना विचारलं.

"बारा वर्षं झाली."

"मारके न्हाईत न्हवं?"

"छे हो," यशोदाबाई म्हणाल्या. "जरा हंबरतात, एवढंच."