कासवआजोबा फ्रेमच्या बाहेर

एका जंगलात, बाळांनो, एक बारव होती. बारव म्हणजे पायऱ्या उतरून थेट पाण्यापर्यंत जाता येईल अशी दगडी विहीर. ती कोणी बांधली, कधी बांधली, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे ती ऐतिहासिक होती.

बारवेत कासवआजोबा राहत. त्यांचे आजोबाही तिथंच राहिले होते. उन्हाळ्यात नदी आटली की सगळं जंगल याच बारवेवर पाणी प्यायचं.

आता पाखरं पिंपळाची फळं खातात आणि बसतील तिथं बी टाकतात, हे तुम्हाला माहीत आहे. बारवेच्या भिंतीत दरवर्षी चार-दोन रोपं उगवायची. दसरा झाला की दामू वानर भिंतीला लटकून ती काढायचा. नुसता शेंडा खुडून भागत नाही. मूळ खरवडून काढावं लागतं, मग फटीत चिकणमाती ठासावी लागते. हे काम दामूचा बाप करायचा, बापाचा बाप करायचा. त्यांचं नाव कोणी कधी घेतलं नाही. भिंत उभी असली की तिच्यामागचं काम कोणाला दिसत नाही.

एका वर्षी दामूला मोबाइल सापडला. तो कुठून आला असं विचारू नका. सहलीला येणारी माणसं जंगलात काय वाट्टेल ते विसरून जातात.

त्याच सुमाराला सिंहमहाराजांनी ‘आपला वारसा, आपला अभिमान’ अशी छायाचित्रस्पर्धा जाहीर केली. झालं. दामूने बगळेसरांचा क्लास लावला. बगळेसर फोटोग्राफीतले गुरू, कारण एका पायावर तासभर न हलता उभं राहणं त्यांना जन्मतःच येत होतं. पूर्वी याला ढोंग म्हणत. आता तंत्र म्हणतात.

दामूच्या पहिल्या आठ फोटोंत बारवेपेक्षा त्याची शेपटीच जास्त होती. पण पोरगं हुशार. हळूहळू शिकलं. कोवळ्या उन्हात दगडावरची नक्षी उठून दिसते, दुपारी सगळं पांढरं पडतं. खांब सरळ यायला हवे असतील तर मोबाइल वर कलता धरायचा नाही.

एका सकाळी बगळेसरांनी मान लांब केली. “फ्रेममध्ये ते काय हलतंय?”

“कासवआजोबा आहेत, सर. इथंच राहतात.”

“वास्तूच्या फोटोत वास्तू दिसली पाहिजे. त्यांना बाहेर व्हायला सांग.”

दामूने सांगितलं. आजोबा स्वभावाने गरीब, बिचारे निघाले. बाहेर पडायला त्यांना पाऊण तास लागला, तोवर कोवळं ऊन गेलं. तेव्हापासून त्यांना आदल्या संध्याकाळीच निघायला सांगू लागले.

दसरा झाला. आजोबा म्हणाले, “दामू, उत्तरेच्या भिंतीतलं रोप तेवढं काढ रे, लेका. दगड कुरकुरायला लागलाय.”

दामू भिंतीला लटकला. तेवढ्यात वरून बगळेसर म्हणाले, “हात लावू नकोस. त्या तांबूस पालवीमुळेच तर भिंतीचं वय दिसतंय. ती काढलीस तर उरेल काय? नुसती भिंत.”

“पण सर, मूळ आत गेलं की...”

“वारशाला हात लावायचा नसतो, दामू. पहिल्याच दिवशी शिकवलंय मी.”

मूळ तेव्हा करंगळीएवढं होतं. दामूच्या बापाने ते डोळे मिटून काढलं असतं. दामूचा हात पुढे गेला. मग मागे आला, आणि त्याच हाताने त्याने फोटो काढला. खरं सांगतो, इथं मला त्याचा राग येतो. पण फोटो सुरेख आला होता.

त्याला पहिलं बक्षीस मिळालं. मग काय, सगळं जंगल त्या रोपाचा फोटो काढायला लोटलं. बगळेसरांनी भिंतीवर ‘हात लावू नये’ अशी पाटी बसवली. चार मोठे खिळे ठोकून बसवली.

पुढच्या दसऱ्याला आजोबांनी पुन्हा विषय काढला. दामू म्हणाला, “आजोबा, आता ते रोप बक्षीसपात्र आहे.”

मूळ मनगटाएवढं झालं होतं.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात उत्तरेची भिंत खाली आली. तिच्याबरोबर पायऱ्या गेल्या, आणि पाणी दगडमातीखाली गाडलं गेलं. जंगलाने मोठा शोक केला. ज्याने त्याने आपापला जुना फोटो काढून दाखवला. सिंहमहाराजांना गहिवरून आलं आणि त्यांनी ‘हरवलेला वारसा’ ही नवी स्पर्धा जाहीर केली.

उन्हाळा लागला, नदी आटली. ज्यांना पाय होते ते डोंगरापलीकडच्या तळ्याकडे निघून गेले. पाय आजोबांनाही होते, पण कासवाचे.

ते निघाले त्या सकाळी दामू आला. दगडांचा ढीग बघून तो रडला. खोटं नव्हे, खरंच रडला. “माझ्या हाताने झालं हे, आजोबा,” म्हणाला.

“हात लावलाच नाहीस, लेका,” आजोबा म्हणाले. “म्हणून झालं.”

दामूने डोळे पुसले. डोळे पुसल्यावर त्याला दिसलं, की ऊन अगदी कोवळं आहे.

“आजोबा, जाता जाता त्या दगडांवर बसता का जरा? आता तुम्ही फ्रेममध्ये हवेत.”

“मला तळं गाठायचंय. वाटेत पाणी नाही. थांबलो तर वाटेतच संपेन.”

आजोबा चालू लागले. जमेल तेवढं भरभर चालले. दामू मोबाइल धरून मागून चालत होता.

“आजोबा,” तो म्हणाला, “जरा हळू. फोटो हलतोय.”

तात्पर्य : भिंतीतलं रोप वेळीच उपटणाऱ्याला आजवर कोणी बक्षीस दिलेलं नाही. तेव्हा बाळांनो, भिंत पडेपर्यंत धीर धरा, आणि सकाळी लवकर उठा.