सरासरी डोळा

जग डोळ्यांनी दिसतं, ही एक लोकप्रिय गैरसमजूत आहे. जग दिसतं ते कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, आणि तो कोणत्या प्रकारचा असावा हे ठरेपर्यंत जगाने जागेवर थांबणं अपेक्षित असतं. सर्बियातल्या आमच्या किकिंदा गावाचं जग या बाबतीत मोठं समजूतदार आहे. थंडी सुरू झाली की चौकातल्या झाडांवर शेकड्यांनी घुबडं येऊन बसतात आणि दिवस मावळेपर्यंत हलत नाहीत. ‘स्थिर हात’ या आमच्या छायाचित्र मंडळाचा सगळा उत्कर्ष या घुबडांच्या आळसावर उभा आहे.

निवृत्त भूमापक चेदोमिर हे मंडळाचे सर्वांत जुने सभासद. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर डझनभर घुबडं टांगलेली आहेत (फ्रेम करून). त्यांची नात दुन्या त्याच घरात लहानाची मोठी झाली, पण तिचा धड म्हणावा असा एकही फोटो नाही. ती हलायची.

ही उणीव त्यांच्या पत्नीने, साव्काबाईंनी, भाजलेल्या लाल मिरच्या सोलता सोलता लक्षात आणून दिली. दुन्याला ऑस्ट्रियात, लिन्झच्या इस्पितळात, नर्सची नोकरी लागली होती आणि पहिलं घुबड यायच्या सुमारास ती बसने निघणार होती.

“चेदो, पोरगी चालली. तिकडे गेलेली माणसं सणापुरती येतात, आणि पुढे तीही येईनाशी होतात. स्टोव्हवरचं ते मधलं घुबड उतरव, आणि तिथे मला तिचा चेहरा लावून दे.”

“मंडळाचा नवा कॅमेरा येऊ दे. असा फोटो काढतो की पापण्या मोजशील.”

“मोजायच्यात कुणाला? मला बघायच्यात रे!”

मंडळाचा जुना कॅमेरा एका घुबडाखाली फार वेळ उभा राहिल्यामुळे निकामी झाला होता. नवा घ्यायचा, यावर एकमत होतं. त्यात बघायचं कुठून, यावर मात्र मंडळाचे तीन तुकडे झाले.

पहिले आरसेवाले. अध्यक्ष वेलिमिर त्यांचे पुढारी. यांच्या कॅमेऱ्यात आरसा असतो आणि भिंगातून आलेला अस्सल प्रकाश थेट डोळ्यात पोचतो. बटण दाबताच आरसा वर उडतो आणि क्षणभर काळोख होतो, म्हणजे जो क्षण टिपायचा नेमका तोच दिसत नाही. याला ते श्रद्धा म्हणतात.

दुसरे वीजवाले. त्यांचे नेते घड्याळं दुरुस्त करणारे इश्त्वान बाची (आमच्याकडचे हंगेरियन काकाला बाची म्हणतात). यांच्या व्ह्यूफाइंडरमध्ये इवलासा पडदा असतो, आणि फोटो उजळ येणार की काळा, हे तो फोटो काढण्याआधीच दाखवतो. ही सोय लग्नाच्या बाबतीत असती तर गावात निम्मे लोक अविवाहित राहिले असते. बॅटरी मात्र ती जावयासारखी खाते.

तिसरे पडदेवाले. हे कॅमेरा हातभर लांब धरून पाठीवरच्या पडद्यात बघतात. उन्हात त्या पडद्यात स्वतःच्या चेहऱ्याखेरीज काही दिसत नाही, आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. चेदोमिर व्ह्यूफाइंडरला डावा डोळा लावत, त्यामुळे त्यांचं नाक नेमकं या पडद्यावर टेकत असे. पडदेवाल्यांनी तो पक्षाचा अपमान मानला.

मतदानात चाळीस टक्के मतं आरशाला पडली आणि चाळीस टक्के विजेला. उरलेल्या वीस टक्क्यांना विचारायचं राहून गेलं. शेवटी वीजवाला कॅमेरा घेतला, कारण दुकानात तेवढाच शिल्लक होता. याला बहुमत म्हणतात.

इथवर उन्हाळा संपला होता.

खरा पेच पुढे आला. व्ह्यूफाइंडरच्या बाजूला एक बारीक चाक असतं. ज्याच्या डोळ्याला जो नंबर, तसं ते फिरवायचं, म्हणजे आतलं स्पष्ट दिसतं. चाक एक आणि डोळे मंडळभर. चेदोमिरनी आपल्यापुरतं फिरवलं की वेलिमिरना धुकं दिसे, वेलिमिरनी फिरवलं की इश्त्वान बाचींना. प्रत्येक जण कॅमेरा फुकट गेला म्हणून हळहळे. मग मंडळाने न्यायाला धरून मार्ग काढला. सर्वांच्या चष्म्यांचे नंबर गोळा केले (अध्यक्षांचा मोतीबिंदू पदाचा मान म्हणून दोनदा धरला), त्यांची सरासरी काढली, चाक त्या जागी आणलं आणि वर चिकटपट्टी लावून मंडळाचा शिक्का मारला. सरासरीइतका नंबर गावात एकाही डोळ्याला नव्हता. सर्वांना सारखंच अंधुक दिसू लागलं आणि तक्रारी थांबल्या.

“अहो, पण फोटो स्वच्छच येतो की!” इश्त्वान बाची एकदा म्हणाले. “फोकस कॅमेरा स्वतः धरतो. चाक फक्त बघणाऱ्यापुरतं असतं.”

हा मुद्दा विषयपत्रिकेवर नव्हता.

दुन्या निघायच्या सकाळी चेदोमिरनी आयुष्यातला पहिला गुन्हा केला. बस स्थानकावर, इकडेतिकडे बघून, त्यांनी शिक्क्याची पट्टी नखाने सोलली आणि चाक आपल्या डोळ्याप्रमाणे लावलं. बसच्या कपाळावरची पाटी लख्ख दिसली. लिन्झ. अक्षर अन् अक्षर कोरल्यासारखं. मग त्यांनी कॅमेरा नातीकडे वळवला (आमच्याकडे नातवंडं आजोबांना देदा म्हणतात).

“देदा, काढ ना लवकर! ड्रायव्हरने सिगारेट विझवली.”

“हलू नकोस. धूसर दिसतेयस.”

“असू दे धूसर. दाब तू!”

“दिसल्याशिवाय कसं दाबू, बाळा?”

त्यांनी चाक इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, पुन्हा होतं तिथे आणलं. पाटी आताच तर स्पष्ट दिसत होती. दुन्याने वाट पाहिली, कॅमेऱ्यासकट त्यांना मिठी मारली आणि ती बसमध्ये चढली. बस वळणाआड गेल्यावर साव्काबाईंनी आमच्या रीतीप्रमाणे तांब्याभर पाणी रस्त्यावर ओतलं, जाणाऱ्याची वाट पाण्यासारखी सरळ वाहती राहो म्हणून. चेदोमिर अजून व्ह्यूफाइंडरला डोळा लावूनच उभे होते.

मंडळाने रीतसर चौकशी केली. चाक चेदोमिरच्या नंबरावर अचूक होतं, बॅटरी भरलेली होती, भिंग निर्दोष होतं. फक्त व्ह्यूफाइंडरची काच ओली आढळली, तीही डोळ्याच्या बाजूने. हे पाणी साव्काबाईंच्या तांब्यातलं, असा निष्कर्ष निघाला. तांब्या बस गेल्यावर रिकामा झाला होता आणि बाई चार हात लांब होत्या, ही गोष्ट कुणीतरी काढली, पण तेवढ्यात कॉफी आली. पुढचा कॅमेरा पावसात चालणारा घ्यावा, अशी शिफारस झाली. शिक्का नव्याने मारला गेला.

मधलं घुबड साव्काबाईंनी आधीच उतरवलं होतं. तिथे आता नुसता खिळा आहे. भाजी ढवळताना त्या खिळ्याकडे बघतात आणि त्यांना फार वाईट वाटतं. चेदोमिरना त्याहून वाईट वाटतं, म्हणून ते खिळ्याकडे पाठ करून जेवतात.

असो. आरसा, वीज आणि पडदा यांतला फरक वाचकांना आता नीट समजला आहे, चाक कुठे असतं तेही ठाऊक झालं आहे, आणि कॅमेरा घेताना हे ज्ञान निश्चित उपयोगी पडेल. दुन्या दिसायला कशी होती, अंगात कोणत्या रंगाचा कोट होता, निघताना ती हसत होती की नाही, हे मात्र इतका वेळ तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.