जड स्टिअरिंगची शिकवणी

"तीन महिन्यांत हिला अशी गाडी शिकवतो, की रस्त्यानं बाजूला होऊन वाट दिली पाहिजे!"

असं उस्तादांनी भर गल्लीत जाहीर केलं, आणि गल्लीनं नेहमीप्रमाणे मान डोलावली. उस्ताद होते खरे दारं-खिडक्या करणारे सुतार. पण जगात आपल्याला येत नाही अशी एकही गोष्ट त्यांना कधी सापडली नव्हती, म्हणून हे नाव पडलं होतं.

आता शिकवणीची गरज काय, तेही सांगायला हवं. बायकोची घरामागं रोपवाटिका होती. नव्या दवाखान्याच्या बागेचं काम तिला मिळत होतं, पण एका अटीवर! तीन महिन्यांनी येणाऱ्या सोमवारपासून रोज सकाळी ठीक सातला कुंड्या दारात पोचल्या पाहिजेत. घरात पिकअप होती, पण चालवणार कोण? उस्तादांचा सूर्य साडेआठला उगवायचा, तोही दोनदा हाका मारल्यावर. तेव्हा बायकोला लायसन्स हवं होतं, आणि परीक्षा होती आदल्याच शनिवारी.

पिकअप बावीस वर्षांची. कधीकाळी निळी होती, आता आठवणीपुरती निळी. पहिल्या दिवसापासून उस्तादांनी चाक बायकोच्या हाती दिलं आणि स्वतः बाजूच्या सीटवर पाटावर बसल्यासारखे बसले. दुकानाच्या खेपाही तिनंच मारायच्या, म्हणजे हात बसेल!

पहिला महिना बरा गेला. दुसऱ्या महिन्यात बायको म्हणाली, "अहो, स्टिअरिंग जड लागतंय."

"स्टिअरिंग जड नसतं गं. हात हलके असतात."

"वळवताना कण्हल्यासारखा आवाजही येतो. कुंऽऽई करून!"

"बावीस वर्षांची झाली ती. ह्या वयात वळायला सांगितलं तर आईसुद्धा कण्हते!"

"मला कशाला मध्ये घेतोस रे?" आतून आई गरजल्या. "आणि गाडीखाली लाल लाल थेंब पडलेत, ते बघ आधी!"

उस्तादांनी वाकून पाहिलं, बोटानं थेंब चोळला, वास घेतला, आणि निकाल दिला, "जुन्या गाड्यांना घाम येतो." मग थेंबांखाली एक फुटकी परात सरकवली आणि बायकोला व्यायाम लावून दिला. सकाळी वीस कुंड्या उचलायच्या, संध्याकाळी पन्नास वेळा रंधा मारायचा!

बिचारीनं सगळं केलं. गाडी दिवसेंदिवस जड होत गेली आणि बायको दिवसेंदिवस दणकट. वळण आलं की ती ओठ आवळायची, पाय रोवायची, विहिरीतून भरली घागर ओढावी तसं चाक ओढायची. कुंऽऽई! पिकअप वळायची. बाह्यांच्या शिवणी उसवल्या. शेजारणी लोणच्याच्या बरण्या उघडून घ्यायला येऊ लागल्या. एकदा आई म्हणाल्या, "सूनबाई, कपाट जरा सरकवतेस?" तर कपाट भिंत सोडून थेट दारात गेलं!

"बघितलंस?" उस्ताद म्हणाले. "शिकवणी अंगी लागते ती अशी!"

परीक्षेच्या आदल्या दुपारी बायको बहिणीकडे गेली होती आणि कोपऱ्यावरचा मेकॅनिक आपल्या दाराचं माप द्यायला आला. दुकानापुढं पिकअप आडवी होती. "मीच काढतो बाजूला," म्हणत तो आत बसला. चाक वळवायला गेला. हललं नाही. उठून ओढलं. पुन्हा खाली उतरला, घाम पुसला.

"उस्ताद, ही रोज कोण चालवतं?"

"बायको."

"त्यांना माझा नमस्कार सांगा." त्यानं बॉनेट उघडलं. "स्टिअरिंग हलकं ठेवणारा पंप गेलाय!"

"छे! टायरमध्ये हवा कमी असेल."

हवा तपासली. बरोबर होती.

"मग पट्टा सैल असेल."

पट्टा दाबून पाहिला. वीणेच्या तारेसारखा ताठ.

"मग तेल कमी असेल!"

मेकॅनिकनं तेलाच्या डब्याचं झाकण काढलं. आत उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखा खडखडाट. तेल ओतलं, इंजिन चालू केलं, तर पंपानं फेस काढला, टाहो फोडला आणि सगळं तेल खाली परातीत सोडून दिलं.

"हा आजचा नाही," मेकॅनिक म्हणाला. "दोनेक महिने तरी ह्याचा जीव जात होता. आवाज आला असेल, थेंब पडले असतील. कुणाच्या लक्षात नाही आलं?"

उस्तादांनी खोकून घेतलं. "पंप बदल. आत्ताच्या आत्ता. आणि कुठं बोलू नकोस!"

संध्याकाळच्या आत पंप बसला. उस्तादांनी एका बोटानं चाक फिरवून पाहिलं. मोरपिसासारखं! बायकोला सांगावं का? सांगायचं कसं? त्यापेक्षा उद्या तिला गाडी हलकी लागेल आणि ती म्हणेल, शिकवणीचंच फळ! ह्या विचारानं त्यांना छान झोप लागली. सकाळी "आज तू शांत बस, मीच नेतो" म्हणून चाकसुद्धा तिच्या हाती दिलं नाही.

मैदानावर पांढऱ्या पट्ट्यांनी भला मोठा आठचा आकडा आखला होता, कडेनं खुंट्या रोवल्या होत्या. पलीकडं टेबलामागं परीक्षा घेणारे साहेब, पुढ्यात नोंदवही आणि चहाचा कप.

बायको बसली. बाह्या सरसावल्या. पहिलं वळण आलं. तिनं ओठ आवळले, पाय रोवले आणि सवयीनं सगळा जीव एकवटून चाक ओढलं!

पिकअप भोवऱ्यासारखी फिरली. घाबरून तिनं तितक्याच जोरानं उलटं ओढलं. पिकअप दुसरीकडून फिरली. एक खुंटी गेली, तीन गेल्या, सात गेल्या! साहेब कपासकट टेबलावर चढले. टेबलापासून हातभर अंतरावर गाडी थांबली तेव्हा वर साहेब आणि खाली धूळ, एवढंच दिसत होतं.

"बाई," साहेब वरूनच म्हणाले, "खुंट्या टाळायच्या होत्या, गोळा करायच्या नव्हत्या! जेवणानंतर एक संधी देतो. शेवटची. नाही जमलं तर पुढच्या महिन्यात या!"

बायको झाडाखाली येऊन उभी राहिली. "गाडीला काय झालंय?"

"काही नाही गं, तू जरा—"

"अहो!"

त्या एका 'अहो'पुढं उस्ताद गळून पडले. पंप, थेंब, मेकॅनिक, सगळं सांगून मोकळे झाले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त आपल्या तळहातांकडं पाहिलं. चाकानं पाडलेले घट्टे होते तिथं, ओळीनं, बोटामागून बोट.

"म्हणजे हात हलके नव्हते माझे," ती हळूच म्हणाली.

"नव्हते," उस्ताद म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं.

"मग आता गाडी होती तशी करा."

"अगं, हीच तर चांगली झालीय!"

"चांगली असेल. पण माझ्या ओळखीची नाही. ओळख व्हायला महिना लागेल, आणि सोमवार परवा आहे."

उस्तादांनी मेकॅनिकला फोन लावला. पलीकडून बराच वेळ नुसतं हसणं आलं. मग तो म्हणाला, "पंपाचा पट्टा वेगळा आहे. तो काढा, पंप गप्प बसेल, स्टिअरिंग आपोआप जड!" उस्ताद पाना घेऊन बॉनेटमध्ये शिरले आणि काळेकुट्ट होऊन पट्टा घेऊन बाहेर आले.

जेवणानंतर बायको पुन्हा बसली. चाकाला हात लावला आणि तिच्या चेहऱ्यावर, माहेरचं दार दिसावं, तसं हसू आलं. ओढलं, सोडलं. ओढलं, सोडलं. पिकअप अशी संथ वळत गेली, जशी नदी गावाला वळसा घालते. एक खुंटी हलली नाही. एक पट्टी पुसली नाही.

"वा!" साहेब खुर्चीतून उठले. "काय हात आहे! बाई, आत जाऊन सही करा. अहो, तुम्ही तेवढी गाडी बाजूला घ्या, पुढचा उमेदवार खोळंबलाय!"

उस्ताद ऐटीत बसले. गाडी सुरू केली. चाक वळवलं.

चाक वळलं नाही.

दोन्ही हातांनी ओढलं. उभे राहून ओढलं. दाराला पाय लावून ओढलं! पिकअप मात्र नाकासमोर चालणाऱ्या माणसासारखी सरळच निघाली. ह्या खेपेला तर एकही खुंटी उरली नाही, आणि टेबलही गेलं.

"काय चाललंय काय?" साहेब धावत आले. "गाडीत काही बिघाड आहे का?"

उस्तादांनी तोंड उघडलं. पट्टा त्यांच्याच खिशात होता. पण कचेरीच्या खिडकीतून बायको दिसत होती. वाकून, जपून, एकेक अक्षर काढत सही करत होती. बिघाड म्हटलं की साहेब बॉनेट उघडणार, आणि बॉनेट उघडलं की ती सही गेली!

उस्तादांनी पट्टा खिशात आणखी खोल दाबला.

"नाही साहेब. गाडी उत्तम आहे. मी... मी नवीनच शिकतोय."

"कोणाकडं?"

उस्तादांनी खिडकीकडं बोट केलं.

साहेबांनी खिडकीकडं पाहिलं, मोडक्या टेबलाकडं पाहिलं, मग उस्तादांच्या खांद्यावर हात ठेवला.

"त्यात बाईंचा काही दोष नाही हो," ते म्हणाले. "त्या चांगलंच शिकवत असणार."