सुखदेवभाऊंची ढेप

आमच्या शेजारच्या सुखदेवभाऊंकडे गेलात, तर पाण्याआधी हातावर गुळाचा खडा पडतो. मधुमेह आहे म्हणालात तरी सुटका नाही. "खा ना भाऊ, गुळानं गळ्यातली धूळ उतरते," म्हणतात आणि तोंड हलेपर्यंत समोरून हलत नाहीत.

हे शहाणपण भट्टीवरचं. मेडशीच्या अलीकडे, आमच्या गावाला लागून, जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवायचा कारखाना होता. पाळी सुटली की कामगारांना गूळ मिळायचा. गूळ खाल्ला की शिसं अंगात राहत नाही, असा सगळ्यांचा पक्का समज. भाऊंनी तिथं उमेदीची वर्षं काढली. कारखाना बंद पडला, शिसं मात्र मातीत आणि विहिरीत मुरलं.

त्यांची लेक रमा अकोल्याला नर्स आहे. तीन वर्षांच्या पोरीला तिनं इथं एकदाही आणलं नव्हतं. "माती-पाणी साफ झाल्याचा कागद दाखवा बाबा, मंग आणीन," हे तिचं एकच उत्तर.

यंदा सफाई सुरू झाली. यंत्रानं हातभर माती खरवडून झाकल्या गाड्यांतून नेली, विहीर उपसली. भाऊ दिवसभर तिथंच, जेसीबीवाल्याला गूळ चारत. इथवर ठीक होतं. पण पाण्याचा नमुना घ्यायच्या आदल्या दिवशी या गृहस्थांनी विहिरीत गुळाची अख्खी ढेप सोडली.

पाणी पिवळट, काठावर मुंग्यांची रांग. नमुना घ्यायला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे कोणी केलं?"

"म्या. इहिरीलेबी त गळा असते, साहेब."

विहीर पुन्हा उपसावी लागली. मी जाम चिडलो. "काहून केलं भाऊ असं?"

भाऊंनी मान खाली घातली. "ड्युटीवरून आलो का रमी पयत येऊन बिलगे. तशाच कपड्यानं तिले उचलून घेतलं म्या, रोज. त्या कपड्यात काय हाय, कोणी सांगतलंच नाई, मास्तर. आता नातीले तरी काई होऊ नये."

माझा राग तिथंच विरला.

मागच्या आठवड्यात कागद आला. पाणी पिण्यालायक, माती साफ. मी तो तीनदा वाचून दाखवला, आणि खरं सांगतो, माझाही जीव भांड्यात पडला.

रविवारी रमा पोरीला घेऊन आली. भाऊ दोनदा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून अंगणात उभे. पण चार हात लांब, हात पाठीमागे.

"घ्या ना बाबा तिले."

"माहे हात..."

रमानं पोरगी सरळ त्यांच्या कडेवर दिली. पोरीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. भाऊंच्या डोळ्यांना धार लागली.

"बसा तरी बाबा," रमा म्हणाली.

"बसतो ना," म्हणाले, आणि उभेच राहिले.